शून्य रुपयांचं बिल

"फुकट हाय म्हंजे त्यात कायतरी लोचा हाय," म्हाताऱ्याने पेन ड्राइव्ह उलटासुलटा करून पाहिला आणि कंडक्टरच्या हातात परत कोंबला. "तू आपला मुरुडचा तिकीट दे."

"लोचा न्हाय ओ बाबा. नातवाला द्या तुमच्या. सगळा मराठीत हाय. आपन वापरायचा, दुसऱ्याला द्यायचा. कोन काय बोलत न्हाय."

"मग तिकीटपन तसाच दे की!"

सगळी बस हसली. मीही हसलो. रघू कंडक्टरही हसला, पेन ड्राइव्ह चामडी पिशवीच्या आतल्या कप्प्यात ठेवला आणि पुढच्या सीटकडे वळला. तिथे एक कॉलेजची पोरगी कानात वायर घालून बसली होती. तिच्यापुढे त्याने पुन्हा तेच सुरू केलं, पहिल्या शब्दापासून. असा माणूस मी दुसरा पाहिला नाही. नाही म्हटलेलं त्याला ऐकूच येत नसे.

मी गणराज, आमच्या कोळीवाड्याच्या मच्छिमार सोसायटीत एकोणीस वर्षं क्लार्क आहे. रघू म्हणजे आमच्या मुक्कामी गाडीचा कंडक्टर. संध्याकाळी साडेपाचला गाडी गावात यायची, रात्रभर पिंपळाखाली उभी राहायची आणि सकाळी सहाला सुटायची. ड्रायव्हर-कंडक्टरला झोपायला सोसायटीची ओटी द्यायची ही जुनी पद्धत. रघू मूळचा आतल्या गावचा, भातशेतीवाल्या घरातला. समुद्राशी त्याचा संबंध खिडकीतून दिसेल तेवढाच.

एसटीचा मोठा संप झाला तेव्हा तो पाच महिने घरी बसून होता. बाकीच्यांनी भाजीची गाडी लावली, कोणी रिक्षा धरली. याने शाळेने टाकून दिलेला एक कॉम्प्युटर घरी आणला आणि त्यावर हे फुकटचं सॉफ्टवेअर शिकला. फोनवर त्याला अशीच माणसं भेटली, कोणी केरळातला, कोणी जर्मनीतला. ही सगळी मंडळी पदरचा वेळ घालवून सॉफ्टवेअर करतात, दुरुस्त करतात आणि जगाला वाटतात म्हणे. त्यांनी याला सांगितलं, तुमच्या भागात तुम्ही पोहोचवा. रघूने ते डेपोच्या हुकमासारखं मनावर घेतलं. मार्गावरच्या थांब्याथांब्यावर चिठ्ठ्या चिकटवल्या. रविवारी शाळाशाळांतून जुने कॉम्प्युटर चालू करून दिले. पेन ड्राइव्ह स्वतःच्या पगारातून. ड्युटी संपली की खाकी शर्टाची बटणं सोडायचा, आत त्या मंडळींनी पाठवलेला, त्यांच्या सॉफ्टवेअरची खूण म्हणून पेंग्विनचं चित्र असलेला बनियन. गावची पोरं त्याला बदक म्हणायची. थोरही म्हणायचे, फक्त पाठीमागे.

खरं सांगतो, मलाही तो डोक्याला ताप वाटायचा. संध्याकाळी पाय धुऊन ऑफिसात येऊन बसायचा आणि माझ्या खांद्यावरून बघत राहायचा.

एकदा वादळात आमची एक होडी दोन दिवस उशिरा आली. कोणत्या होडीवर कोण खलाशी गेला हे तेव्हा शंभर पानी वहीत लिहायचो आणि ती वही गळत्या पत्र्याखाली भिजून लगदा झाली होती. दोन दिवस बायका ओटीवर बसून मला विचारत होत्या, "आमचा हाय का न्हाय त्यान?" आणि मला सांगता येत नव्हतं. रघू त्या दोन्ही संध्याकाळी तिथेच होता. तिसऱ्या आठवड्यापासून तो रोज काहीतरी लिहीत बसायला लागला.

चार महिन्यांनी त्याने आमच्या कॉम्प्युटरवर 'नांगर' बसवलं. होड्यांची नोंदवही. एकेचाळीस होड्या, प्रत्येकीचा तांडेल म्हणजे कप्तान, खलाशी, त्यांचे फोटो, नंबर. होडी निघाली की एका बटणावर दाबायचं: नांगर उचलला. आली की दुसऱ्यावर: नांगर टाकला. बंदरावर द्यायचा नावांचा कागद आपोआप बाहेर. कोणत्या दिवशी उधाण म्हणजे मोठी भरती, कोणत्या दिवशी भांग म्हणजे लहान, तेही कोपऱ्यात दिसायचं. सगळे शब्द आमचे. भातवाल्याला ते कुठून येणार? सकाळच्या गाडीला शकूबाय मच्छीच्या टोपल्या घेऊन मुरुडच्या बाजाराला जाते. ते चारही महिने तो तिच्या टोपल्या चढवत होता आणि तिला एकेक शब्द विचारून तिकिटाच्या कोऱ्या बाजूवर लिहून घेत होता.

"कवढ्याला?" आमचे चेअरमन सदा तांडेल यांनी विचारलं होतं.

"फुकट."

"तुला काय मिलतं यात?"

"काय न्हाय. तुमी शेजारच्या गावाला द्या म्हंजे झाला."

सदाशेठनी माझ्याकडे पाहून डोळा मारला. वेडा आहे, चालू दे, असा त्याचा अर्थ. चालू दिलं. दीड वर्ष चालू दिलं.

मार्चमध्ये ऑडिटर आले. सगळं पाहून झाल्यावर त्यांचं बोट कॉम्प्युटरकडे गेलं. "या सॉफ्टवेअरचं बिल?"

"फुकटचं आहे साहेब."

"फुकटचं म्हणजे चोरीचं," ते म्हणाले आणि शेरा लिहायला घेतला.

मी त्यांना चहावर थांबवून धरलं. साडेपाचच्या गाडीने रघू आला, त्याला सांगितलं. त्याचा चेहरा पडला, पण क्षणभरच. "बिलच पायजे ना?" म्हणून तो कॉम्प्युटरवर बसला आणि दहा मिनिटांत बिल छापून काढलं. वर तारीख. नांगर, होड्यांची नोंदवही, नग एक. किंमत रुपये शून्य. अटी: कोणीही वापरावे, बदलावे, वाटावे, विकावे. खाली रघूची सही आणि कंडक्टरचा बिल्ला नंबर.

ऑडिटर बिल हातात घेऊन बाहेर गेले. आपल्या ड्रायव्हरला दाखवलं. दोघं इतके हसले की ड्रायव्हरला ठसका लागला. मग बिल मला परत देऊन, शेरा लिहून ते निघून गेले. मी ते बिल टेबलाच्या खणात टाकलं.

आता माझी गोष्ट. शेरा निघाला नाही तर माझी वेतनवाढ अडणार होती. नाक्यावर रितेशचं दुकान आहे, झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं. रितेश म्हणजे शकूबायचा मुलगा, तिशीचा, हुशार, गोड बोलणारा. रघूनेच त्याला शिकवलं होतं. मी त्याला म्हटलं, "तुझ्याकडे जीएसटी नंबर आहे. तूच दे ना बिल." एवढंच म्हटलं. पुढचं त्याला सुचलं. एप्रिलमध्ये त्याने 'नांगर प्रो' आणलं, रंगीत खोक्यात, वर स्वतःचा फोटो. आत रघूचंच, बटणांचा रंग तेवढा बदललेला आणि खाली एक ओळ: सर्व हक्क राखीव. बारा हजारांचं बिल, दर वर्षी. मी पास केलं, सदाशेठनी सही केली. शेरा निघाला. वार्षिक सभेत रितेशला शाल दिली आणि खुर्च्या कमी पडल्या म्हणून रघूने ओटीवरून दोन आणून दिल्या.

त्याला वाईट वाटलं का? मी विचारलं नाही. तो म्हणाला, "चांगला झाला. रितेश आनखी चार गावांत नेल." खरंच नेलं. चार सोसायट्यांनी खोकी घेतली. खाडीवरच्या पाचव्या सोसायटीला मात्र रघू आपल्या पद्धतीने भेटला, पिशवीतून पेन ड्राइव्ह काढून. त्यांनी रितेशला फोन करून सांगितलं, "आमाला तं फुकटात मिलला."

रितेश गणपती झाल्यावर सदाशेठकडे गेला. रघू माझा माल चोरून वाटतो, म्हणाला.

सदाशेठ वाईट माणूस नाही. बुडणाऱ्याला तीनदा पाण्यातून काढलंय त्याने. पण त्याच्या डोक्यात एकच हिशेब बसला, आणि तो त्याने मला बोलूनही दाखवला. "गनराज, ता जर फुकट मिलतं, तं मी गावाचं बारा हजार दिलं कसं? मी येडा हाय?" गावासमोर वेडा ठरण्यापेक्षा कंडक्टर चोर ठरलेला बरा. आणि मला? माझी तर त्या बिलावर आधी सही होती.

आमच्या गावात भांडण पोलिसांत जात नाही. चुकला त्याने देवीपुढे नारळ ठेवायचा, आपली चूक आपल्या तोंडाने बोलायची, पुन्हा करणार नाही म्हणायचं. मग नारळ फुटतो, खोबरं सगळे खातात. खोबरं पोटात गेलं की विषय संपला. नंतर तो उकरून काढील तो गुन्हेगार.

रघूला निरोप मीच दिला. नारळ ठेवला नाहीस तर डेपोला अर्ज जाईल, ड्युटीवर चोरीचा माल वाटतो म्हणून. निवृत्तीला अकरा महिने होते त्याच्या. तो म्हणाला, "मी सांगतो ना त्यांना समजावून. समजल." समजावण्यावर त्याचा कोण विश्वास!

संध्याकाळी देवळात पन्नासेक माणसं जमली. रघू खाकीतच उभा होता, शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली.

"ता कोनाचा हाय, एवढाच सांग," सदाशेठ म्हणाले.

"सगल्यांचा हाय, शेठ."

"सगल्यांचा म्हंजे रितेशचा हाय का न्हाय?"

"त्याचापन हाय."

"त्याने इकला त्यात चूक हाय?"

मी मनात म्हटलं, अरे, हो म्हण. एकदा तरी हो म्हण.

"न्हाय," रघू म्हणाला. "इकायची परवानगी हाय. मीच तसा लिवलाय."

"झाला तर!" सदाशेठनी मांडीवर हात मारला. लोक हसले. "त्याचा हाय, त्याने इकला, बिल हाय. तुज्याकडं काय हाय?"

रघूने माझ्याकडे पाहिलं. "मी बिल दिलावता. मार्चमधी. गनराजभाऊ, ता ऑडिटरने परत दिला ना तुमच्याकडं?"

पन्नास माणसं माझ्याकडे वळली. देवळापासून ऑफिस वीस पावलांवर. खणात, पावतीपुस्तकाच्या खाली, तारखेसकट ते बिल होतं. रितेशच्या बिलाच्या महिनाभर आधीची तारीख.

"सापडत नाही," मी म्हणालो.

आजही सांगतो, मला ते बोलायला काही जड गेलं नाही. जीभ अडखळलीसुद्धा नाही.

रघू मग शकूबायकडे वळला. ती बायकांत, खांबाला टेकून बसली होती. "शकूबाय, तुमी तरी सांगा. उधान, भांग, मना कोनी सांगितला? गाडीत बसून तुमीच सांगितला ना?"

शकूबायने मुलाकडे पाहिलं. रितेश मोबाइल बघत होता. "मना काय ठावं?" ती म्हणाली. "मी मच्छी इकते. गाडीत सतरा गजाली व्हतात."

रघूने मग पिशवीत हात घातला. नारळ त्याने घरून आणला होता, त्याच्या दारच्या माडाचा. म्हणजे समजावून सांगेन म्हणणाऱ्याला आतून ठाऊक होतं. तो त्याने देवीपुढे ठेवला. "दुसऱ्याचा माल मी वाटला. माजी चूक झाली. आता कोनाला काय देनार न्हाय." आवाज स्वच्छ होता, थांब्याचं नाव पुकारावं तसा. नारळ फुटला, तुकडे ताटातून फिरले. चोराचा नारळ, पण कोणी नको म्हणालं नाही. मीही घेतला. गोड होता.

दुसऱ्या दिवसापासून सोसायटीची ओटी बंद झाली. चोराला ओटीवर कसं झोपवायचं? बिचारा ड्रायव्हरही भरडला गेला. दोघं गाडीतच झोपायला लागले, ड्रायव्हर मागच्या लांब सीटवर आणि रघू मधल्या वाटेत गोधडी टाकून. ऑफिसात तो परत आला नाही. थांब्यावरच्या चिठ्ठ्या त्याने स्वतः खरवडून काढल्या. पेंग्विनचा बनियन दिसेनासा झाला. पोरांची बदक म्हणायची सवय मात्र सुटली नाही. शकूबाय सहाच्या गाडीला येतच होती आणि तो तिच्या टोपल्या चढवून देतच होता. ती मागे जाऊन बसायची आणि मुरुड येईपर्यंत बाहेर बघायची.

जुलैच्या तीस तारखेला दुपारी मी कॉम्प्युटर लावला, तर 'नांगर प्रो' उघडेना. पडद्यावर लाल चौकट: मुदत संपली, नूतनीकरण करा. दुसऱ्या वर्षाचे बारा हजार एप्रिलपासून थकले होते आणि रितेशने आत मुदतीचं कुलूप घालून ठेवलं होतं. रितेश कुठे? दोन महिन्यांपूर्वी दुकानाला टाळं लावून उरणला, कंटेनर यार्डात नोकरीला. फोन स्विच ऑफ. शकूबायने लावून पाहिला, तिचाही लागेना.

एक ऑगस्टला मासेमारीची पावसाळी बंदी उठते. दोन महिने किनाऱ्यावर बसलेल्या एकेचाळीस होड्या पहाटे निघणार, रंग लागलेला, बर्फ सांगितलेला. नावांचा कागद बंदरावर दिल्याशिवाय एकही सुटणार नाही. दोनशे खलाशांची नावं, फोटो, नंबर, सगळं त्या चौकटीच्या आत. वह्या आम्ही केव्हाच रद्दीत घातल्या होत्या.

सदाशेठ आले, चौकट पाहिली, कॉम्प्युटरच्या डोक्यावर दोन चापट्या मारून पाहिल्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "त्या बदकाला बोलव."

साडेपाचला गाडी आली. रघूचा हा शेवटचा मुक्काम होता. एकतीसला डेपोत गाडी लावून तो निवृत्त होणार होता. मी खाली उभा राहून सगळं सांगितलं. त्याने तिकिटाचं मशीन बंद केलं, पिशवी गळ्यात तशीच ठेवली आणि ऑफिसच्या दारापर्यंत आला. उंबऱ्यात थांबला.

"माल रितेशचा हाय," तो म्हणाला. "मी हात कसा लावू? सोसायटीने लिवून द्या."

टोमणा नव्हता तो. टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं. सदाशेठ मान फिरवून म्हणाले, "दे रे लिवून." मी खण ओढला आणि हाताला लागला तो पाठकोरा कागद घेऊन लिहिलं: 'श्री. रघुनाथ यांना कुलूप काढण्यास परवानगी आहे.' सही केली, शिक्का मारला, कागद त्याच्या हातात दिला.

त्याने वाचला. मग सवयीने, तिकीट उलटून बघावं तसा उलटला.

शून्य रुपयांचं बिल होतं ते. हात त्याच कागदावर कसा गेला, ते मला सांगता येणार नाही. घाईत गेला असं म्हणा. नाहीतर अकरा महिने मला ते त्याला दाखवायचंच होतं, असंही म्हणा. मला दोन्ही पटतं.

रघूने ते उजेडाकडे धरलं. बाहेर कोणीतरी होडीला ठोकत होतं.

"तारीख हाय यावर," तो म्हणाला.

"हो."

"तवा व्हता तुमच्याकडं."

"होतं."

सदाशेठना काही कळलं नाही. कळलं असतं तरी खोबरं खाऊन झालं होतं. रघूने कागदाची घडी केली आणि बिल्ल्यामागच्या खिशात ठेवली. खुर्चीत बसला. पाऊण तासात कुलूप निघालं. एकेचाळीस होड्यांचे एकेचाळीस कागद छापून त्याने माझ्यासमोर नीट रचून ठेवले, कोपरे जुळवून. मी चहा मागवला होता. तो गाडीत जाऊन बसला, चहा ड्रायव्हरने प्यायला.

रात्री मला झोप लागली नाही. पुढच्या वर्षी कुलूप पुन्हा बसेल, तेव्हा रघू नसेल. पहाटे उठून घरातला एक पेन ड्राइव्ह शोधला आणि पिंपळाखाली गेलो. पाऊस पडून गेला होता. गाडी चालू झाली होती. शकूबायची सुक्या मच्छीची शेवटची टोपली चढवून रघू दारात उभा होता. मी पेन ड्राइव्ह धरलेला हात वर केला.

"रघूभाऊ, ते आधीचं, बिनकुलपाचं, यात एकदा घालून द्या. उतरून ऑफिसात चला, पाच मिनिटं. गाडी थांबवतो मी."

त्याने माझ्या हाताकडे पाहिलं. वर्षानुवर्षं अशाच पेन ड्राइव्हची मूठ तो माझ्यापुढे करत होता.

"मी नारल ठेवलाय, गनराजभाऊ."

"अहो, तो काय... तो गावाने—"

"देवीपुढं ठेवलाय," तो म्हणाला. चामडी पिशवीचा आतला कप्पा उघडून त्याने मला दाखवला. सुटी नाणी होती, बाकी काही नाही.

मागून शकूबाय पहिल्यांदाच बोलली, "दे रं त्याला. दे." तिच्याकडे तो वळला नाही.

"गाडीत यायचा हाय का तुमाला?" त्याने मला विचारलं. मी नाही म्हणून मान हलवली. "मग पाय काढा पायरीवरना."

मी पाय काढला. त्याने दार ओढून घेतलं आणि दोनदा घंटी वाजवली.